फोर्टमध्ये मुद्रित झालेले गाणे आणि लेबलवर नसलेली नावे

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

सरोदवादक उस्ताद आशिष खान यांचे १४ नोव्हेंबर २०२४ रोजी अमेरिकेत निधन झाले. त्यानंतर त्यांच्या मैहर घराण्याविषयी, आजोबा बाबा अल्लाउद्दीन खान आणि वडील उस्ताद अली अकबर खान यांच्याविषयी लिहिले गेले, ते योग्यच होते. मात्र जानेवारी १९६८ मध्ये त्यांनी मुंबईत बीटल्स या इंग्लिश बँडच्या एका गाण्यासाठी सरोद वाजवला होता, याचा उल्लेख माझ्या वाचनात मराठीत कुठेही आला नाही. ते गाणे म्हणजे ‘द इनर लाइट’. मी तीस वर्षे ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात काम केले आहे आणि या गाण्याच्या जन्मकथेतला एक भाग मुंबईकरांनीच पूर्ण करायला हवा, असे मला मनापासून वाटते, म्हणून हे पत्र.

गाण्याची सुरुवात एका पत्रातून झाली. केंब्रिजमध्ये संस्कृत शिकवणारे आणि भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद करणारे हुआन मास्कारो १९६७ च्या शरद ऋतूत डेव्हिड फ्रॉस्ट यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात सहभागी झाले होते. ध्यानधारणेवरील त्या चर्चेत बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन आणि जॉन लेनन हेही होते. पुढे नोव्हेंबरमध्ये मास्कारो यांनी हॅरिसन यांना आपण संपादित केलेला धर्मवचनांचा संग्रह पाठवला आणि त्यातील ‘ताओ ते चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाच्या काही ओळींना चाल लावून पाहावी, असे सुचवले. दाराबाहेर पाऊल न टाकताही जग जाणता येते, या आशयाचे त्या ग्रंथातले सत्तेचाळिसावे प्रकरण हॅरिसन यांनी जवळजवळ जसेच्या तसे गाण्यात उतरवले.

हॅरिसन त्या वेळी जो मॅसॉट यांच्या ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे संगीत करत होते आणि त्यातील भारतीय वाद्यांचा भाग मुद्रित करण्यासाठी ते जानेवारीत मुंबईत आले. फोर्टमधील फिरोजशहा मेहता मार्गावरच्या युनिव्हर्सल इन्शुरन्स इमारतीत एचएमव्हीचा स्टुडिओ होता. तिथे केवळ मोनो, म्हणजे एकाच ट्रॅकवर आवाज मुद्रित करणारे, यंत्र असल्यामुळे कंपनीचे भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचे स्टीरिओ यंत्र रेल्वेने स्वतः आणून दिले, ही आठवण हॅरिसन यांनीच पुढे नोंदवली आहे. स्टुडिओ कार्यालयांच्या वर होता, ध्वनिरोधनाची सोय नव्हती, आणि साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिना उतरणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पावलांचा आवाज टेपवर येऊ लागल्याने मुद्रण थांबवावे लागे, असेही त्यांनी सांगितले आहे. ज्यांनी फोर्टमधील जुन्या इमारतींचे लाकडी जिने संध्याकाळी साडेपाचला ऐकले आहेत, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

चित्रपटाचे काम उरकल्यावर याच मुक्कामात ‘द इनर लाइट’चा वाद्यमेळ मुद्रित झाला. त्यात सरोद, शहनाई, बासरी, पखवाज आणि हार्मोनियम एवढीच वाद्ये आहेत. गिटार किंवा ड्रम्स अजिबात नाहीत. वाद्यांचा वेगवान भाग आणि गायनाचा संथ भाग आलटूनपालटून येतात आणि गायनाच्या वेळी बासरी गळ्याच्या इतकी जवळून चालते की दोघे एकाच खोलीत बसले असावेत असा भास होतो. प्रत्यक्षात त्या दोहोंमध्ये हजारो मैलांचे आणि तीन आठवड्यांहून अधिक काळाचे अंतर होते. मुंबईची टेप लंडनला नेऊन ॲबी रोड स्टुडिओत चार ट्रॅकवर उतरवण्यात आली आणि ६ फेब्रुवारीला हॅरिसन यांनी त्यावर आवाज दिला. एवढ्या वरच्या पट्टीत आपल्याला गाता येईल का, याविषयी ते साशंक होते आणि सहकाऱ्यांनी धीर दिल्यावरच ते गायले. ८ फेब्रुवारीला शेवटच्या ओळींवर लेनन आणि बीटल्समधलेच पॉल मॅकार्टनी यांचे आवाज जोडले गेले. मार्चमध्ये ‘लेडी मॅडोना’च्या तबकडीच्या मागील बाजूस गाणे प्रसिद्ध झाले. हॅरिसन यांची रचना बीटल्सच्या एकल तबकडीवर येण्याची ही पहिलीच वेळ होती.

त्या तबकडीच्या लेबलवर एकाही वादकाचे नाव नाही. याच मुक्कामातील चित्रपटसंगीताची ‘वंडरवॉल म्युझिक’ ही तबकडी नोव्हेंबर १९६८ मध्ये निघाली, तेव्हा तिच्या वेष्टनावर आशिष खान, महापुरुष मिश्र, शिवकुमार शर्मा, रिजराम देसाद, शंभू दास अशी नावे आवर्जून छापली गेली; म्हणजे हॅरिसन यांच्याकडे यादी होती आणि श्रेय देण्याची इच्छाही होती. पण ‘द इनर लाइट’वर नेमके कोणी वाजवले हे नंतरच्या अभ्यासकांना जुळवून काढावे लागले आणि त्यांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. बासरीसाठी कुठे केवळ हरिप्रसाद चौरसिया यांचे नाव येते, तर कुठे त्यांच्या जोडीला एस. आर. केंकरे यांचे. शहनाईवादकाचे नाव इंग्रजीत ‘हनुमान जादेव’ असे छापले जाते. मराठी कानाला ते सरळ ‘जाधव’ वाटते. केंकरे हे आडनाव तर गोव्याकडचे. ही मंडळी आपल्या शेजारपाजारची असू शकतात आणि तरीही त्यांच्याविषयी एक ओळ आपल्याकडे नसावी, याचे मला दुःख होते.

वादकाचे नाव वेळीच नोंदले गेले तर काय होते, याचे उदाहरण बीटल्सच्याच इतिहासात आहे. १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ या तबकडीच्या वेष्टनावर तबलावादक अनिल भागवत यांचे नाव छापलेले असल्यामुळे ते आजही निर्विवाद आहे. उलट पुढच्याच वर्षीच्या ‘विदिन यू विदाउट यू’ या गाण्यातील अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा आणि नटवर सोनी हे वादक पन्नास वर्षे अनामिक राहिले आणि २०१७ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठातील संशोधनातून त्यांची नावे उजेडात आली. लंडनमधील वादकांसाठी लिव्हरपूलने जे केले, ते मुंबईतील वादकांसाठी मुंबईने करायला नको का?

काम अवघड आहे, अशक्य नाही. २०१४ आणि २०१८ मध्ये या गाण्याचे गायनाविना मुद्रण प्रसिद्ध झाले आहे, त्यामुळे बासरी आणि शहनाई आता स्वच्छ ऐकू येतात. जाणकारांनी ती फुंक आणि ती हरकत ऐकून मत द्यावे. त्या काळी मुद्रण संपले की वादक व्हाउचरवर सही करून पाकीट घेत आणि पुढच्या स्टुडिओकडे निघत. अशी व्हाउचरे, हजेरीची वही किंवा टेपच्या डब्यावरची चिठ्ठी कंपनीच्या दप्तरात किंवा एखाद्या घरच्या ट्रंकेत अजून असू शकते. जाधव आणि केंकरे कुटुंबीयांपैकी कोणाकडे जानेवारी १९६८ ची रोजनिशी, छायाचित्र किंवा वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आठवण असल्यास त्यांनी ती आपल्या वृत्तपत्राकडे पाठवावी आणि आपण तिला जागा द्यावी, ही विनंती. नावांची खातरजमा झाल्यावर फिरोजशहा मेहता मार्गावरील त्या इमारतीपाशी महापालिकेने एक फलक लावावा आणि त्यावर हॅरिसन यांच्या नावाखाली पाचही वाद्यांच्या वादकांची नावे देवनागरीत, योग्य आडनावांसह लिहावीत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ध्वनिमुद्रक, दादर, मुंबई