अडतीस की चाळीस

नौपाडा, ठाणे

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद. काल रात्री साडेअकराला कॉलेजच्या उत्तरपत्रिका तपासता तपासता फोन करून तू विचारलंस, "आई, एकाला अडतीस पडतायत, पास चाळीसला. तेवढेच ठेवू की चाळीस करू?" मी "चाळीस कर आणि झोप" म्हणाले आणि फोन ठेवला. उत्तर बरोबर आहे, पण रीत दाखवलेली नाही. आणि रीत न दाखवणाऱ्याला मी नोकरीभर पाचातले दोनच दिलेत. म्हणून हे पत्र. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू वर एक अंगठा चिकटवून मोकळी झाली असतीस.

तुझ्या वर्गाचं प्रमाण विचलन, म्हणजे मार्क सरासरीभोवती किती पसरलेत ते, 15 धरू आणि पेपरची विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा घेतला तर निकाल किती जुळेल ते, 0.84 (तंतोतंत जुळला तर 1). कॉलेजात दोन दिवसांत काढलेल्या पेपरला 0.84 देणं म्हणजे तुझे लाडच आहेत, पण असू दे. 1 वजा 0.84, त्याचं वर्गमूळ 0.4, गुणिले 15. आले 6. ही तुझ्या पेपरची प्रमाणत्रुटी. ज्या मुलाची खरी तयारी चाळिसाची आहे, त्याला त्याच तयारीवर असाच दुसरा पेपर दिला, तर साधारण तीनातल्या दोन वेळा तो 34 ते 46 मध्ये कुठेतरी उतरेल. तिसऱ्या वेळी त्याच्याही बाहेर. आणि तू अपरात्री दोन मार्कांसाठी जीव काढतेयस.

वर्गात पहिल्या आणि दुसऱ्या आलेल्या मुलींचं तर विचारूच नकोस. दोघींच्या मार्कांतल्या फरकाची त्रुटी सहाहून मोठी, साडेआठच्या आसपास. तरी एका मार्काने पहिली आलेलीचा फोटो गेटवर झळकतो आणि दुसरीला सगळे "थोडक्यात हुकलं गं" म्हणतात. फ्लेक्सवर मार्कांपुढे "± 6" छापा, असं मी एकदा स्टाफरूममध्ये सुचवलं होतं. फ्लेक्सवाल्याने प्रूफ तपासताना ते खोडून टाकलं.

समोरच्या काकूंच्या नातवाला जेईईत 91 पर्सेंटाइल मिळाले, तेव्हा मजल्यावर सगळ्यांना 91 टक्क्यांचे पेढे मिळाले. 91 पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली 91 मुलं त्याच्या बरोबरीला किंवा मागे, 91 टक्के मार्क नव्हेत. मी पेढा घेतला, गप्प बसले. त्या निकालात पर्सेंटाइल सात दशांशांपर्यंत छापतात. काकूंना वाटतं, केवढा हा अचूकपणा! ते दशांश अचूकपणासाठी नाहीतच, लाखो पोरांत बरोबरी होऊ नये म्हणून आहेत.

आतापर्यंत फक्त पेपरची त्रुटी झाली. तपासणाऱ्याची वेगळी. 1912 मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या स्टार्च आणि इलियट यांनी इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती शंभराहून जास्त शिक्षकांना तपासायला पाठवल्या. कुणी 50 दिले, कुणी नव्वदीच्या वर. लोक म्हणाले, भाषा विषय आहे, एवढं चालायचंच. मग पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची पत्रिका पाठवली. मार्क तिसाच्या आतून सुरू झाले ते नव्वदीपर्यंत पोचले. भूमितीत! कुणी टापटिपीचे कापले होते, कुणी रीत पाहून दिले होते, कुणी फक्त शेवटचं उत्तर पाहिलं होतं. बोर्डाच्या वाशीच्या ऑफिसात गुणपडताळणीचे अर्ज घेऊन येणारे पालक मला आठवतात. बेरीज चुकली का, एवढंच त्यांना बघायचं असतं. बेरीज बहुतेक वेळा बरोबरच असते.

तेव्हा एक पत्रिका पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासून मग दुसरी हातात घेऊ नकोस. आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. पहिलं उत्तर झकास आलं की त्याची चमक पुढच्या भिकार उत्तरांवरही पडते, ती अशाने पडत नाही. दर प्रश्नाला गठ्ठा उलटा कर, म्हणजे तुझ्या कंटाळ्याचा भार एकाच्याच नशिबी येणार नाही. आणि सुरुवातीच्या दहा पत्रिका शेवटी पुन्हा बघ. आरंभी आपण फार कडक असतो. ऐंशीव्या पत्रिकेपर्यंत इतकं काही वाचून झालेलं असतं, की ज्याने मध्यकाचं सूत्र धड लिहिलंय त्याला जवळ घेऊन कुरवाळावंसं वाटतं.

आता अडतीस. 34 ते 39 मधल्या सगळ्या पत्रिका बाजूला काढ, आधीचे मार्क कागदाने झाक आणि नव्याने तपास. तुझ्या त्या मुलाला बहुधा दोन मार्क सापडतील. तू म्हणशील, मग एक्केचाळीसवाल्यांच्या का नाही तपासायच्या? त्यांच्यातही दोन-चार खरे अडतीसचेच असतील. असतील ना. संख्याशास्त्र म्हणून तुझं बरोबर आहे, एकाच बाजूच्या चुका दुरुस्त केल्या की सगळा निकाल वर सरकतो. पण दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही. चुकून नापास केलेल्या पोराला एटीकेटी, पुन्हा फी आणि घरच्यांची बोलणी. चुकून पास केलेल्या पोरामुळे काय बिघडतं? बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाच्या संख्याशास्त्राने अजून कुठला पूल पाडल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. मेडिकलला शिकवत असतीस तर मी उलट बाजूने सांगितलं असतं.

चौतिसाच्या खालच्यांना मात्र हात लावू नकोस. साताऱ्याकडच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे तुला नावाने माहीत आहेत, त्यांचा आणि अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांचा वाद वाच. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये माणशी रोज 2250 कॅलरी धरून दारिद्र्यरेषा मांडली. सुखात्म्यांचं म्हणणं असं, की धडधाकट माणसाचंही खाणं एका आठवड्यात कमी, दुसऱ्यात जास्त असं हलतं. सरासरी गरजेच्या खाली सापडला तो प्रत्येक जण उपाशी मोजू नका. बघ, तुझ्या अडतीसवाल्याचीच केस. मोजमाप म्हणून मला सुखात्म्यांचं पटतं. पण रेषा खाली ओढत नेली की खरोखरचा उपाशी माणूसही कागदावरून गायब होतो, ही विरोधकांची भीती मला तितकीच खरी वाटते. चौतीस नाही, बत्तीसही चालवू, तिसाचंही बघू, असं करत गेलीस तर ज्याला काहीच येत नाही तो मुलगा कुणाला दिसणारच नाही.

कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फॉर्मवर वर्गातल्या मुलांची सरासरी संख्या कमी दाखवली म्हणून प्राचार्यांवर चिडली होतीस, त्याचंही सांगते. ते खोटं बोलत नाहीयेत. समज, तीन तुकड्या आहेत, 20, 20 आणि 110 मुलांच्या. सरासरी 50, फॉर्मवर तीच जाणार. आता दीडशेच्या दीडशे मुलांना विचार, तुझ्या वर्गात किती जण? एकशे दहा जण "एकशे दहा" म्हणणार. त्यांच्या उत्तरांची सरासरी 86 येते, करून बघ. रेल्वेचंही तेच. ठाण्याहून नेरूळला जाताना सकाळी तू लटकतेस आणि रेल्वे म्हणते, सरासरी गर्दी एवढी नाही. दुपारची गाडी रिकामी जाते, पण ती रिकामी होती हे सांगायला तिच्यात माणसं असतात कुठे! फॉर्मवर 50 लिहिलं तर लिहू दे. तू मात्र शिकवताना 110 जणांसाठीच तयारी कर, आणि कॉलरमाईक माग.

रेमेडियलचे, म्हणजे कच्च्या मुलांचे जादा तास नव्या माणसाच्या गळ्यात मारतात, तुझ्याही मारतील. खुशाल घे. पहिल्या चाचणीत तळाला गेलेली मुलं तुला मिळतील. त्यातली काही खरंच कच्ची, काहींचा तो दिवस वाईट. दुसऱ्या चाचणीत तो दिवस परत येणार नाही, म्हणून तू काहीही शिकवलं नाहीस तरी गटाची सरासरी वर चढेल. उंच आईबापांची मुलं सरासरीने त्यांच्याइतकी उंच निघत नाहीत, बुटक्यांची तितकी बुटकी निघत नाहीत, हे इंग्रज शास्त्रज्ञ गाल्टनने 1886 मध्ये मांडलं, त्याचाच हा कॉलेजी अवतार. तुझ्या शिकवण्याने नेमका किती फरक पडला हे बघायचं असेल तर त्या मुलांमधली निम्मी चिठ्ठ्या टाकून निवड आणि तेवढ्यांचेच तास घे, मग उरलेल्या निम्म्यांशी ताडून बघ. कुणी करू देणार नाही, कारण आलेख असाही छानच येतो. समितीपुढे तो मोठा करून लावतील, तुझं नाव घेतील, तेव्हा हसू दाब.

आणि "ॲडव्हान्स्ड लर्नर्स"ची, म्हणजे पहिल्या चाचणीत वर आलेल्या मुलांची फाइल मात्र कुणी कितीही गोड बोलून पुढे केली तरी घेऊ नकोस.

तुझी,
आई