रोल्स रॉइस असली म्हणून कोणी पॉश होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला लंडनच्या बंगल्यांवरचा लेख वाचला. एका फुटबॉलपटूच्या घराला त्यात चार वेळा 'पॉश' म्हटलंय, का तर स्विमिंग पूल, थिएटर, सोनेरी नळ. आपल्याकडे चालतं हो, पॉश एरिया, पॉश फ्लॅट, सलूनला नवीन काचा लावल्या तरी पॉश. पण ब्रिटनबद्दल लिहिताना तसं वापरलं की अर्थ पार उलटा होतो.

माझी मुलगी तिकडे असते, दोनदा जाऊन राहिलोय. शेजारी एक आजोबा, कोपरावर विरलेला स्वेटर, चिखलाने माखलेली जुनी व्होल्वो आणि सीटवर सगळे कुत्र्याचे केस, मला वाटलं बिचाऱ्यांचं पेन्शनमध्ये भागत नसावं. तर मुलगी म्हणते, "बाबा, या गल्लीत खरे पॉश तेवढे एकच!" बोलण्याची ढब, शाळा कुठली, आणि घरातलं टेबल-खुर्च्या सगळं पणजोबांपासूनचं. म्हणजे आपला 'घरंदाज' शब्द जवळचा, 'चकचकीत' नाही.

तिथे सामान विकत आणावं लागणं हाच कमीपणा. मायकेल हेसेल्टाइन थॅचरबाईंच्या मंत्रिमंडळात होते, प्रकाशनाच्या धंद्यात गडगंज झालेले, तरी त्यांच्याच पक्षातल्या मायकेल जॉप्लिंगनी टोमणा मारला की याला फर्निचर स्वतः विकत घ्यावं लागलंय. त्याच पक्षातल्या ॲलन क्लार्कनी तो डायरीत लिहून ठेवला म्हणून आपल्याला कळला.

शब्दांचं तर विचारूच नका. १९५४ मध्ये ॲलन रॉस या भाषाशास्त्रज्ञाने वरच्या वर्गाचे शब्द आणि इतरांचे शब्द वेगळे काढून दाखवले आणि पुढच्या वर्षी नॅन्सी मिटफर्डबाईंनी लेख लिहून ते घराघरात पोचवले. जेवताना वापरायच्या रुमालाला नॅपकिन म्हणणारे वरचे, सर्व्हिएट म्हणणारे खालचे. गंमत म्हणजे जास्त नटवलेला, फ्रेंच वळणाचा शब्द खालचा ठरतो, कारण सभ्य दिसायची धडपड ज्यांना करावी लागते तेच तसं बोलतात. मी त्या आजोबांकडे अगदी अदबीने "टॉयलेट कुठे" विचारलं, ते म्हणाले "लू वरच्या मजल्यावर", आणि मुलीने मला कोपर मारलं, कारण माझा शब्द खालचा होता.

आणि पॉश स्पाइस? हे टोपणनाव असलेल्या, स्पाइस गर्ल्स या गाण्याच्या ग्रुपमधल्या व्हिक्टोरिया बेकहॅम २०२३ च्या माहितीपटात सांगत होत्या की आम्ही कामगार वर्गातले, तेवढ्यात नवरा, फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम, दारातून डोकावून विचारतो, वडील शाळेत कुठल्या गाडीतून सोडायचे ते सांग. बराच वेळ टाळाटाळ करून शेवटी म्हणाल्या, रोल्स रॉइस. सगळे हसले, पण वडिलांनी धंदा करून घेतलेली रोल्स रॉइस म्हणजे पैसेवाले, तिथल्या हिशेबाने पॉश नाहीच, त्यामुळे टोपणनावही चुकीचं आणि बाईंचा दावाही.

जाता जाता, लेखासोबतच्या चौकटीत 'पॉश' शब्द कुठून आला म्हणून 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' ची गोष्ट छापलीय, की मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या बोटीत जाताना डावीकडच्या आणि परतताना उजवीकडच्या, उन्हाच्या उलट बाजूच्या केबिन श्रीमंतांना मिळायच्या आणि तिकिटावर ही आद्याक्षरं असायची. आपल्या मुंबईचं नाव त्यात आहे म्हणून मलाही आवडते, पण असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही आणि ऑक्सफर्डवाले शब्दकोशकारही ही गोष्ट मानत नाहीत. निदान तेवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी छापा.

आपला नियमित वाचक,
नाशिक