दारू सुटली, घटस्फोट झाला, गाण्यांचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जेसन इझबेल या अमेरिकी गायक-गीतकारावर अर्धं पान पाहिलं आणि आधी आनंदच झाला. मराठी वर्तमानपत्रात अलाबामाचं नाव एरवी येतं ते वादळ आलं तर किंवा निवडणूक असली तर. मी याच राज्यात, हंट्सव्हिलला, एकोणीस वर्षं राहते. इझबेलचं ग्रीन हिल हे गाव इथून गाडीने सव्वा-दीड तासावर. त्यामुळे चहा बाजूला ठेवून वाचायला बसले. लेख संपला तेव्हा चहा गार झाला होता आणि मी गरम.

लेखात काय होतं? दारूपायी बँडमधून बाहेर पडलेला पोरगा, त्याला सावरणारी बायको, मग ‘साउथईस्टर्न’ हा अल्बम, मग घटस्फोट आणि शेवटी घटस्फोटावरचा अल्बम. गाण्यांच्या वाट्याला दोन ओळी, त्यातही ‘प्रांजळ’ आणि ‘हृदयस्पर्शी’ एवढंच. लग्नाची बोलणी करताना मुलाची माहिती काढावी तशी सगळी माहिती काढली होती, फक्त मुलगा गातो कसा ते राहून गेलं.

तुमच्या लेखकाला एकट्यालाच दोष देत नाही. इथल्या समीक्षकांनीही बारा वर्षं हेच केलं आहे. फेब्रुवारी २०१२मध्ये इझबेल व्यसनमुक्ती केंद्रात गेला. फेब्रुवारी २०१३मध्ये त्याने फिडलवादक आणि गायिका अमांडा शायर्सशी लग्न केलं. त्याच वर्षी जूनमध्ये ‘साउथईस्टर्न’ आला. पण अल्बम दुकानात येण्याच्या आधीच न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात ड्वाइट गार्नर यांचा त्याच्यावरचा मोठा लेख येऊन गेला होता. लेख उत्तम आहे, मी दोनदा वाचला आहे. पण त्यानंतर जो तो अल्बम ऐकायला बसला तो गोष्ट आधीच माहीत करून. परीक्षणांतून ‘नवा जन्म’, ‘मुक्ती’ असेच शब्द. २०२३मध्ये एचबीओने माहितीपट दाखवला, त्यात नवरा-बायकोमधले ताणही घराघरांत पोचले. मग तर विचारायलाच नको.

या गोष्टीप्रमाणे इझबेल दारू सोडल्यावर कवी झाला. ते खरं नाही. दारू सुटण्याआधीचा हिशेब पाहा. कॉलेज सुटल्यावर अलाबामातल्याच मसल शोल्स गावच्या फेम स्टुडिओशी त्याचा करार झाला तो गाणी लिहून देण्याचा. म्हणजे हा माणूस रोजच्या कामासारखी गाणी लिहायला शिकला. ‘ड्राइव्ह-बाय ट्रकर्स’ या बँडमध्ये आला तेव्हा बाविशीतला. ‘आउटफिट’ हे बापाने मुलाला केलेल्या उपदेशाचं गाणं त्याने तेव्हाच लिहिलं. (बाप घरांना रंग देणारा, गाण्यातही आणि खऱ्या आयुष्यातही. चरित्र गाण्यात येतं ते असं, आणि तेवढंच.) २००७च्या पहिल्या एकल अल्बममध्ये ‘ड्रेस ब्लूज’ आहे. त्याच्याच गावाकडचा एक मुलगा इराकमध्ये मारला गेला, त्याच्या अंत्यविधीचं. त्यात युद्धाच्या बाजूने किंवा विरोधात एकही घोषणा नाही. तेव्हा समीक्षकांचा सूर साधारण असा, की पोरगा लिहितो चांगलं, पण अल्बम एकसंध नाही, ट्रकर्सची सर नाही. पुढे २०११च्या ‘हिअर वी रेस्ट’मधलं ‘अलाबामा पाइन्स’. त्याला २०१२मध्ये अमेरिकाना संगीत संघटनेचा वर्षातलं सर्वोत्तम गाणं म्हणून पुरस्कार मिळाला. पुरस्कार मिळाला तेव्हा दारू सुटली होती, पण गाणं त्याआधीचं.

‘साउथईस्टर्न’ आधीच्या तिन्ही अल्बमांपेक्षा सरस आहे, हे मीही म्हणते. दारू सुटली की माणसाला दिवसातले बरेच तास परत मिळतात, हेही मान्य. पण फरकाची इतर कारणं कानांना ऐकू येण्यासारखी आहेत. डेव्ह कॉब या निर्मात्याने वाद्यं मागे सारली आणि आवाज पुढे आणला. आधीच्या अल्बमांत गिटारींच्या गर्दीत अर्धे शब्द वाहून जायचे, इथे श्वाससुद्धा ऐकू येतो. हे सांगायला ना व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता लागतो, ना लग्नाची तारीख.

ऑक्टोबर २०१७मध्ये नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात मी त्याला ऐकलं. १८९२ साली प्रार्थनाघर म्हणून बांधलेली ही इमारत, बसायला अजून तीच लाकडी बाकं. दोन तासांत पाठीचा भुगा होतो. ‘कव्हर मी अप’ सुरू झालं. शेजारी फिडल घेऊन अमांडा उभी. ‘दारू सोडली, या वेळी कायमची’ अशा अर्थाची ओळ आली आणि अख्खं सभागृह उठलं. शिट्ट्या, आरोळ्या, टाळ्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. दरवेळी त्या ओळीला असंच होतं, हे नंतर कळलं. ते एका माणसाचं अभिनंदन होतं आणि त्यात गैर काही नाही. पण त्या गोंधळात पुढची ओळ बुडते. पुढच्या ओळीत त्याच्या जुन्या प्रेयसी म्हणतात, याला घरी आपणच आणू असं आम्हाला वाटलं होतं. आपल्या सुखाच्या गाण्यात, आपल्यासाठी झिजून हरलेल्या बायकांना बोलायला जागा देणं, हे लिहिणाऱ्याचं काम. ती ओळ मला घरी येऊन हेडफोन लावल्यावर पहिल्यांदा नीट ऐकू आली.

आता ‘एलिफंट’. तुमच्या लेखात या गाण्याचं नावही नाही. कॅन्सर झालेली एक बाई आणि तिचा एक मित्र बारमध्ये बसले आहेत. तिच्या हातात कॉफीचा कप, कपात सीग्रॅम्स ही दारू. ती आजारावर विनोद करते, तो हसतो. दोघांना जे माहीत आहे ते दोघंही बोलत नाहीत. गाण्यातल्या ‘मी’ला ती नावाने हाक मारते. ते नाव अँडी आहे, जेसन नाही. बारा वर्षं या अल्बमला डायरी म्हणणाऱ्यांनी या एका नावाचा जरा विचार करावा. तो तिला उचलून पलंगावर नेतो आणि जमिनीवर पडलेले केस झाडून काढतो. बस, एवढंच सांगतो.

माझ्या नणंदेच्या केमोच्या दिवसांत मी दोन महिने मिरजेत तिच्याजवळ होते. सकाळी ती आंघोळीला गेली की मी उशीचा अभ्रा खिडकीत झटकायची आणि बाथरूमबाहेरची फरशी ओल्या फडक्याने पुसायची. केरसुणीने केस गोळा होत नाहीत, उडतात. तिला ते दिसू नयेत म्हणून घाई. तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि आम्ही दोघी पोह्यांत मीठ कमी पडलं यावर बोलायचो. पुढे कधीतरी हे गाणं गाडीत लागलं तेव्हा मला गाडी कडेला घ्यावी लागली. गायकाची दारू कधी सुटली हे तेव्हा मला माहीतसुद्धा नव्हतं.

गायकाची गोष्ट ठाऊक नसतानाही गाणं उभं राहतं याचा याहून मोठा पुरावा लोकप्रियतेच्या बाजारात आहे. मॉर्गन वॉलेन या कंट्री संगीतातल्या बड्या स्टारने ‘कव्हर मी अप’ गायलं आणि ते प्रचंड चाललं. त्याच्या श्रोत्यांपैकी कित्येकांना इझबेल कोण हेही माहीत नसावं. (२०२१मध्ये वॉलेनच्या तोंडून वर्णद्वेषी शब्द निघाल्यावर इझबेलने त्या गाण्याचं मानधन कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या नॅशव्हिल शाखेला देऊन टाकलं.) ‘अ स्टार इज बॉर्न’मध्ये ब्रॅडली कूपर गातो ते ‘मेबी इट्स टाइम’सुद्धा याचंच. तुमच्या वाचकांपैकी अनेकांनी इझबेल त्या सिनेमात ऐकला आहे, नाव न कळता.

माझ्या बाजूला एक खिंडार आहे, ते लपवत नाही. मार्च २०२५मध्ये आलेला ‘फॉक्सेस इन द स्नो’ घटस्फोटानंतरचा आहे. त्यातल्या ‘ग्रॅव्हलवीड’मध्ये तो स्वतःच माफी मागतो, की प्रेमगीतांचे अर्थ आता वेगळे झाले. म्हणजे गाणं आणि आयुष्य यांची गाठ त्यानेच मारली, मग समीक्षकांनी ती सोडवायची कशाला? मी यावर बरेच दिवस अडले होते. आता वाटतं, तो ज्या प्रेमगीतांबद्दल बोलतो आहे ती तोपर्यंत त्याची राहिलीच नव्हती. लोकांनी ती लग्नांत वाजवली होती. माफी आहे ती त्या लोकांची. आणि समजा माझं हे वाचन चुकीचं असलं, तरी त्या अल्बमबद्दल सांगण्यासारखं आणखी पुष्कळ आहे. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत पाच दिवसांत केलेलं ध्वनिमुद्रण, १९४०ची एक महोगनी मार्टिन गिटार आणि हा एकटा. ना ड्रम, ना बेस, ना ‘४०० युनिट’ हा त्याचा नेहमीचा बँड. विजेच्या गिटारीवर स्लाइड वाजवून मैदानं गाजवणारा माणूस इथे अंगठ्याने ठेका सांभाळतो आणि उरलेल्या बोटांनी गाण्याला उत्तर देतो. ते कसं जमलंय, कुठे एकसुरी होतंय (दोन गाण्यांत मला तरी झालं), हे कुणी लिहिलं असतं तर वाचायला आवडलं असतं. तुमच्या लेखात या अल्बमवर सहा ओळी आहेत, सहाही वकिलाकडे जातात.

जाता जाता एक दुरुस्ती छापावी. लेखात ‘साउथईस्टर्न’ला पहिला एकल अल्बम म्हटलं आहे. तो चौथा. आधीचे २००७, २००९ आणि २०११चे. त्यातले शेवटचे दोन बँडच्या नावासह आले, म्हणून गोंधळ झाला असेल.

आणि लेखकमहाशयांना माझा निरोप द्या. २०१५च्या अल्बममधलं ‘स्पीड ट्रॅप टाउन’ ऐका म्हणावं. इस्पितळात मरायला टेकलेला पोलीस बाप आणि गाव सोडून निघालेला मुलगा. इझबेलचे वडील पोलिसात नव्हते, हे वर सांगितलंच आहे. गाणं चार मिनिटांच्या आसपास आहे. ऐकून झाल्यावर त्यांना काय वाटलं ते त्यांनी तुमच्याच पुरवणीत लिहावं, मी ई-पेपर उघडून वाट बघेन.

आपली एक वाचक,
हंट्सव्हिल, अलाबामा