फायर सिलिंडर रिफिलला पाठवण्याआधी एकदा कामगाराच्या हातात द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या कारखान्यांच्या भागांत कुठल्याही शॉपमध्ये जा, भिंतीला लाल फायर सिलिंडर टांगलेला दिसतोच, त्याच्यावर रिफिलचं लेबल असतं, ऑडिट असलं की आदल्या दिवशी कुणीतरी फडका मारून चकचकीत पण करून ठेवतं. पण त्या सिलिंडरखाली रोज आठ-दहा तास उभा राहून जो माणूस काम करतो त्याला विचारा की बाबा तू हा कधी चालवलायस काय, बहुतेकजण नाही म्हणून मान हलवतात. मी बरीच वर्षं उद्यमबागेत मशीन शॉपला सुपरवायझर आहे, फाउंड्रीवाले (धातू वितळवून ओतणारे), पावडर कोटिंगवाले यांच्याकडे रोजचं जाणं-येणं असतं, सगळीकडे हेच बघतोय म्हणून शेवटी हे पत्र लिहायला बसलो.

ऑगस्ट २०२४ मध्ये नावग्याच्या चिकटपट्टीच्या कारखान्याला रात्री लागलेली आग आपल्या भागात कुणी विसरलेलं नसेल, एक तरुण पोरगा लिफ्टमध्ये अडकून गेला. तिथं काय होतं काय नव्हतं ते तपासणाऱ्यांचं काम, त्यावर मी बोलणार नाही. पण आग लागली की माल चढवायच्या लिफ्टकडे जायचंच नाही, जिन्यानंच उतरायचं, एवढी एक गोष्ट आपल्याकडच्या किती कारखान्यांत पोरांना नुसती तोंडी तरी सांगितली जाते? त्या आगीनंतर आठवडाभर सगळे मालक हळहळले, व्हॉट्सॲपवर फोटो फिरले, मग परत ऑर्डरच्या मागे लागलो सगळे.

आमच्याकडे मागे एकदा खरंच ट्रेनिंग घेतलं, म्हणजे प्रोजेक्टरवालं नव्हे. शॉपच्या मागच्या मोकळ्या जागेत अर्धा कापलेला ड्रम ठेवला, त्यात पाणी, वर थोडं डिझेल, आणि शिकवायला आलेल्या माणसानं ते पेटवलं. पहिला पुढं आला आमचा जुना टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा, हात इतका पक्का की मायक्रोमीटर न लावता साइज सांगेल असा. सिलिंडर उचलला, लिव्हर दाबली, काहीच नाही. "दाबालोय की साहेब, पण येईना," म्हणाला. पिन तशीच आत होती, प्लास्टिकच्या सीलसकट. पिन काढली तर एकदम जोरात पावडर सुटली आणि तो दचकून मागं सरला, सगळा फवारा ज्वाळेच्या शेंड्यावर, खाली ड्रममध्ये डिझेल आपलं जळतंच आहे. सहा किलोचा सिलिंडर किती वेळ चालतो हे लोकांना माहीतच नसतं, पंधरा-वीस सेकंद, संपला. मग पॅकिंगमधल्या एक बाई आल्या, खानापूरकडच्या, त्यांनी आधीचं सगळं नीट बघितलं होतं. वारा पाठीमागून घेतला, आठ-दहा फुटांवर उभ्या राहिल्या, नळी जाळाच्या मुळाशी धरली आणि झाडू मारल्यासारखी इकडून तिकडं फिरवली, विझली आग. विझल्यावरही पाठ न फिरवता तोंड ड्रमकडेच ठेवून मागं सरकल्या, कारण परत पेट घेऊ शकतं असं सांगितलं होतं. आता सांगा, खरी आग लागली असती तर त्या टर्नरच्या हातातले ते पंधरा-वीस सेकंद परत मिळाले असते काय?

त्याच बाईंनी नंतर विचारलं, "आणि विजेच्या पॅनेलला लागली तर हेच मारायचं?" हा प्रश्न खरं तर प्रत्येक शॉपमध्ये कुणीतरी विचारायला पाहिजे. पॅनेलला लागली तर आधी मेन स्विच बंद, आणि मेन कुठला हे फक्त इलेक्ट्रिशियनला माहीत असून भागत नाही, तो सुट्टीवर असतोच. मग सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसचा सिलिंडर, त्याच्या पुढच्या भोंग्यासारख्या तोंडाला हात लावायचा नाही, गॅस इतका गार असतो की कातडी भाजल्यासारखी होते, आणि बंद खोलीत मारला तर लगेच बाहेर यायचं कारण श्वास कोंडतो. तेलाच्या टाकीला लागली तर पाणी अजिबात नाही, पाणी खाली जाऊन वाफ होतं आणि पेटतं तेल चौफेर उडतं. फाउंड्रीवाल्यांना हे सांगायला नको, वितळलेल्या लोखंडाखाली थोडी ओल राहिली तरी धातू कसा उसळतो ते त्यांनी बघितलेलं असतं, पण नवीन हेल्परला कोण सांगतं? सांडलेल्या धातूवर टाकायची वाळू कोरडीच पाहिजे, आणि आपल्याकडे त्या लाल बादल्या शेडच्या बाहेर पावसात भिजत असतात. मॅग्नेशियमच्या चिप्स पेटल्या तर नेहमीची पावडर उपयोगाची नाही, पाणी तर नाहीच. आणि थिनरचा रिकामा ड्रम, यावर तर मी कितीजणांशी भांडलोय, रिकामा आहे म्हणून त्याच्यावर कटर नाहीतर ग्राइंडर चालवतात, पण आत वाफ साठलेली असते आणि एका ठिणगीत झाकणासकट उडतो.

आता माझी मुख्य सूचना. खर्च होतो, प्रॉडक्शन बुडतं, असं मालक म्हणतात, त्यांचंही अगदीच चूक नाही, छोट्या शेडवाल्याला प्रत्येक तास महाग असतो. पण रिफिलची तारीख आली की सिलिंडर एजन्सीवाला घेऊन जातो आणि जुनी पावडर तिथं काढून टाकली जाते. ती पावडर एजन्सीत रिकामी होण्यापेक्षा आपल्या कामगाराच्या हातून आपल्याच आवारात होऊ दे की! त्याच दिवशी एजन्सीच्या माणसाला थांबवून घ्या, तो बहुतेक वेळा शिकवायला तयारच असतो. अट एवढीच की सगळे सिलिंडर एकदम रिकामे करून शॉप उघडं टाकायचं नाही, दोन-दोन करून काढायचे, बदली सिलिंडर आधी टांगायचे, आणि हे बाहेर मोकळ्यात करायचं कारण ती पावडर मशीनच्या स्लाइडवर आणि पॅनेलमध्ये बसली तर गंज धरतो. दरवर्षी वेगळी माणसं घेतली की तीन-चार वर्षांत अख्खा शॉप तयार होतो, वर जास्तीचा खर्च म्हणाल तर थोडं डिझेल आणि अर्धा दिवस.

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम ३८ मध्ये स्पष्ट म्हटलं होतं की आगीत बाहेर पडायचे रस्ते सगळ्या कामगारांना माहीत पाहिजेत आणि अशा वेळी काय करायचं याचं पुरेसं ट्रेनिंग त्यांना मिळालेलं पाहिजे. सगळ्या कामगारांना. कायम असलेल्यांना, ऑफिसमधल्या चौघांना, असं नव्हतं लिहिलेलं. आपल्याकडे होतं काय, ४ मार्चला सेफ्टी डेची शपथ, बॅज लावून फोटो, १४ एप्रिलपासून फायर सर्व्हिस वीकचं बॅनर, आणि रजिस्टरवर सह्या. हे सगळं जनरल शिफ्टला. सेकंड आणि नाइट शिफ्टला जी पोरं असतात, बरीचशी कॉन्ट्रॅक्टवरची, दर दोन-तीन महिन्यांनी बदलणारी, त्यांच्यापर्यंत यातलं काहीच पोचत नाही. आणि रात्री शॉपमध्ये माणसं कमी, मॅनेजर घरी, म्हणजे आग विझवायची झाली तर त्यांनाच विझवायची आहे.

एका शॉपमध्ये सेकंड शिफ्टला न सांगता भोंगा वाजवून फायर ड्रिल, म्हणजे आग लागल्यावर बाहेर पडायची तालीम घेतली तेव्हा मी होतो. मागचं दार माल चोरीला जातो म्हणून कुलूप लावलेलं, चावी वॉचमनकडे आणि वॉचमन चहाला गेलेला. सगळी गर्दी पुढच्या एका दारावर, तिथं आडवी लावलेली ट्रॉली. धूर नव्हता, दिवे चालू होते, तरी बाहेर यायला जीव मेटाकुटीला आला. बाहेर आल्यावर मोजणी करायची म्हटलं तर आज कामावर किती हेच कुणाला सांगता येईना. चोरीची भीती खरी आहे, पण त्याला आतून ढकलल्यावर उघडणारा बार मिळतो, बाहेरून कुणाला उघडता येत नाही, एवढा बसवून घ्या. बेंगळुरूच्या कार्लटन टॉवर्समध्ये फेब्रुवारी २०१० मध्ये ९ जण गेले, दिल्लीच्या मुंडक्यात मे २०२२ मध्ये २७ जण, दोन्हीकडे बाहेर पडायला वाट मिळाली नाही म्हणून माणसं कोंडली. अशा वेळी जाळ पोचायच्या आधी धूर माणसाला पाडतो. म्हणून वाकून, जमिनीलगत, भिंतीला हात लावत जायचं, पण हे सुद्धा एकदा करून बघितल्याशिवाय कुणाला सुचत नाही.

भाषेचंही सांगतो. आमच्याकडे बेळगुंदी, उचगावकडचे मराठी, बैलहोंगलकडचे कन्नड, शिवाय बिहार आणि ओडिशाचे. आणि सूचना इंग्रजीत, तीही लॅमिनेट करून ऑफिसच्या काचेवर. पाट्या मराठी, कन्नड, हिंदी तिन्हींत लावा, चित्रं मोठी काढा, आणि प्रत्येक शिफ्टला आपापल्या भाषेत ओरडून सांगणारा एकजण ठरवून ठेवा. यात कुणी कृपा करून भाषेचा वाद आणू नये.

वडगाव, खासबागच्या मागांवर सुताची धूळ, निपाणीला तंबाखूची गोदामं, गणपत गल्ली आणि खडेबाजारात माळ्यापर्यंत कापड भरलेली दुकानं, प्रत्येकाची अडचण वेगळी आणि त्यावर त्या त्या धंद्यातल्यांनीच लिहिलेलं बरं. मला माझ्या शॉपचं कळतं तेवढं लिहिलं.

आपल्या पेपरातून उद्योजकांच्या संघटनांना आणि अग्निशमन खात्याला एवढीच विनंती पोचवावी, की १४ ते २० एप्रिलच्या फायर वीकमध्ये उद्यमबाग आणि मच्छे इथं एकेक मोकळी जागा ठरवून संध्याकाळी, शिफ्ट बदलायच्या वेळी प्रात्यक्षिक ठेवावं, छोट्या शेडवाल्यांनी आपले रिफिलला आलेले सिलिंडर आणि आपली पाच-सहा माणसं घेऊन यावं, कॉन्ट्रॅक्टवाल्यांनाही आणावं. तिथंच १०१ नाहीतर ११२ ला फोन करून काय सांगायचं त्याची पण प्रॅक्टिस घ्यावी, कुठली क्रॉस रोड, जवळची खूण काय, जळतंय काय, आत माणसं आहेत काय. आणि बंब आत येईल एवढा रस्ता रात्री उभ्या राहणाऱ्या ट्रकांपासून मोकळा ठेवायची जबाबदारी कुणाची, ते त्याच दिवशी बसून ठरवावं.

कळावे.
आपला,
एक शॉप सुपरवायझर, उद्यमबाग, बेळगाव