बंड्या, उपाशीपोटी ये

सोलापूर, मंगळवार रात्र

प्रिय बंड्या,

परवा फोनवर म्हणालास, "मी काटकुळा, मला काय धाड भरलीय?" हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (वाट उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसल्यापासून हिनं मला वाद घालायची बंदी केलीय, म्हणून गप्प बसलो. लिहायला बंदी नाही.

मलाही वाटायचं, नळात गाळ साचतो तशी रक्तवाहिनीत चरबी साचते. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं तेव्हा कळलं, भानगड नळाच्या भिंतीत आहे. बीपी, शुगर, तंबाखू यांनी आतलं नाजूक अस्तर दुखावतं. तिथून एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, भिंतीत शिरून बसतं. ते साफ करायला पांढऱ्या पेशी धावतात, खाऊन खाऊन फुगतात, तिथेच मरतात आणि त्याची गाठ होते. शरीर त्यावर झाकण घालतं, दुधावर साय धरावी तसं. हे म्हातारपणाचं दुखणं नव्हे रे. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं तपासली होती, १९५३ साली ते छापून आलं. सरासरी वय २२, आणि चारातल्या तिघांच्या रक्तवाहिन्यांत याच्या खुणा!

खरी मेख पुढे आहे. साय पातळ असली की फाटते, तिथे गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट बंद. फाटणारी गाठ पुष्कळदा निम्मीसुद्धा वाट अडवत नसते. म्हणून सिद्धेश्वर तलावाला रोज फेरी मारणारा, कधी दम न लागलेला माणूसही अचानक कोसळतो.

आता तुझं. अण्णा ५१ व्या वर्षी गेले. वडिलांना पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला असेल तर मुलाला धोका जास्त, मग तो कितीही काटकुळा असो. त्यात तुझा तंबाखूचा मावा. "ओढत नाही, चघळतो" हे तुझं जुनं गणित. निकोटिन तोंडातूनही रक्तातच उतरतं. शेंगाचटणीला मात्र उगाच बोल लावू नकोस. दाणे बिचारे बरेच आहेत, हात आखडायचा तो मिठात.

गड्ड्याच्या जत्रेला येणार आहेसच. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं ये, रात्री जेवणानंतर फक्त पाणी पी. स्टेशनवरून थेट लॅबमध्ये जाऊ, कोलेस्टेरॉल आणि शुगरला रक्त देऊ, बीपी बघू. मग घरी कडक भाकरी तयार असेल. मावा मुंबईलाच ठेवून ये, माझ्या घरात पिचकारी मारायला जागा नाही.

तुझा,
शिऱ्या