पोरांच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांना वेळ द्या

संपादक साहेब, नमस्कार.

माझ्या मुलीला सहाव्या वर्षी ब्लड कॅन्सर झाला, एएलएल म्हणतात तो. आज ती दहावीत आहे आणि ठणठणीत आहे. पत्र लिहितेय ते तेव्हा तिला बघणाऱ्या एका ज्युनियर डॉक्टर मॅडमबद्दल.

मेंटेनन्सच्या काळात, म्हणजे मुख्य उपचार झाल्यावर कॅन्सर परत येऊ नये म्हणून औषध चालू असतं तेव्हा, रोज रात्री सिक्स-एमपी या किमोच्या औषधाची गोळी द्यावी लागते. ५० मिलिग्रॅमची गोळी, मी पंखा बंद करून कागदावर ठेवायचे आणि ब्लेडने अर्धी करायचे. वजनाप्रमाणे दिलेला तोच डोस बाकीच्या पोरांना चालायचा आणि हिचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, मात्र धाडकन खाली, मग ताप, मग परत अॅडमिट, गोळी बंद, असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मॅडम म्हणाल्या, ताई, यामागे एक जीन असू शकतो, एनयूडीटी१५, टेस्ट करून बघू. टेस्ट झाली, डोस अगदी कमी केला आणि काउंट सावरले.

नंतर मी वाचत गेले. या औषधाचे डोस मुळात अमेरिका-युरोपातल्या मुलांवर ठरलेत, तिथे दुसऱ्याच जीनकडे लक्ष होतं. एनयूडीटी१५ मध्ये बदल असला की हे औषध सोसत नाही, हा धागा २०१४ साली कोरियात सापडला, तोही आतड्याच्या आजाराच्या पेशंटमध्ये, ज्यांना याच जातीचं औषध चालू होतं. हा बदल आपल्याकडे गोऱ्या लोकांपेक्षा बराच जास्त आढळतो. म्हणजे जो डॉक्टर सकाळी ओपीडीत पोराचे पडलेले काउंट बघतो त्यालाच दुपारी लॅबमध्ये जाऊन 'का' हे शोधता आलं पाहिजे, नाहीतर आपल्या पोरांचे प्रश्न तिकडच्या कुणाला पडणारच नाहीत.

मॅडमकडे एक वही होती, निळ्या कव्हरची. काउंट पडलेलं प्रत्येक मूल, वजन, डोस, तारीख, सगळं त्यात. त्यावर नीट अभ्यास करायचा होता त्यांना, पण ओपीडी चारपर्यंत, मग वॉर्ड, पाठीतली इंजेक्शनं, नाइट ड्युटी, वही उघडायची ती रात्री अकरानंतर. एमबीबीएस, एमडी आणि त्यावर डीएम ही सुपरस्पेशालिटीची पदवी म्हणजे बारा वर्षं शिक्षणातच गेलेली, डोक्यावर कर्ज, त्यात डीएमनंतर संशोधनाची पोस्टच नाही. शेवटी त्या प्रायव्हेटमध्ये गेल्या. मागे फोनवर वहीचं विचारलं तर म्हणाल्या, आहे ना, कपाटात आहे. फार वाईट वाटलं मला.

आपल्याकडे हुशारी नाही असं कुणी म्हणू नये. टाटा मेमोरियल आणि आयआयटी मुंबईतून आलेल्या देशी कार-टी उपचाराला (यात पेशंटच्याच प्रतिकार करणाऱ्या पेशी लॅबमध्ये बदलून कॅन्सरवर सोडतात) ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा ती १५ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी होती. लहान पोरांचं काम पुढे न्यायचं तर हातात पेशंट असलेली आणि प्रयोगही येणारी माणसं लागतात, आणि ती आपोआप तयार होत नाहीत. सायन्स शिकवायला गाइड लागतो, आकडेवारी बघून देणारा माणूस लागतो, ट्रायलची परवानगी, पालकांची संमती हे सगळं कुणीतरी हाताला धरून शिकवावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठरवलं की २०३० पर्यंत जगातली निदान ६० टक्के कॅन्सरग्रस्त मुलं वाचली पाहिजेत, आणि श्रीमंत देशांत आजच ८० टक्क्यांच्या वर वाचतात.

माझं म्हणणं एवढंच की डीएम झालेल्या ज्यांना संशोधन करायचंय त्यांना तीन वर्षं पूर्ण पगार द्या आणि आठवड्यातले तीन दिवस ओपीडी-वॉर्डला बोलावू नका, अगदी गर्दी असली तरी नाही, कारण गर्दी रोजच असते. त्या जागी दुसरा डॉक्टर नेमा, त्याचा पगार सरकारने द्यावा. आणि तीन वर्षांनंतर कायमची पोस्ट हवी, नाहीतर परत तेच. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने पाच-सहा जागांपासून सुरुवात केली तरी चालेल.

पत्र छापून आलं तर कात्रण मॅडमना पाठवणार आहे.

एका बऱ्या झालेल्या मुलीची आई, सातारा