डब्यावर रेघ मारून देणाऱ्या अक्कांना

निपाणी

अक्का, सप्रेम नमस्कार.

तुमचं आणि दुकानाचं नाव इथे मुद्दाम घातलेलं नाही, तुम्हाला ते आवडलं नसतं. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत. पिल्लाच्या खाण्याबद्दलचे चुकीचे सल्लेही चारचौघांतच मिळाले होते.

तीन महिन्यांचं, १० किलोचं लॅब्राडोरचं पिल्लू. पुढचे पंजे बाहेर वळलेले, मनगटं जाड. तुमच्या आधीच्या प्रत्येक काउंटरवर एकच निदान झालं: "कॅल्शियम कमी पडतंय." मग सिरपची बाटली, वर हाडांची पावडर, आणि उघड्या पोत्यातून सुट्टं मोजलेलं, लेबलाचा पत्ता नसलेलं खाद्य. किती द्यायचं विचारलं तर, "द्या की, जास्तीचं बाहेर पडतंय."

पिल्लात नेमकं तेच होत नाही. मोठं कुत्रं गरजेपुरतं कॅल्शियम शोषतं. पाच-सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला तो लगाम नसतो, पोटात गेलेल्यातलं बरंचसं रक्तात उतरतं. मग वाढत्या हाडाच्या टोकाची कूर्चा, म्हणजे मऊ लवचिक भाग, वेळेवर हाडात बदलत नाही. पाय वाकतात, खांद्यातून लंगडणं सुरू होतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात १९८०च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवर हे तपासून झालंय. आणि आपल्याकडे वाकलेला पाय दिसला की बाटली वाढवायची!

तुम्ही "बेडा, बेडा" (नको, नको) म्हणत ती बाटली बाजूला सारलीत, एक्स-रेसाठी जनावरांच्या दवाखान्यात जायला सांगितलंत आणि खाद्याची पिशवी उलटी करून बारीक अक्षरं वाचायला लागलात. कॅल्शियमच्या पुढे 'किमान' लिहिलेलं असेल तर त्या आकड्याचा उपयोग नाही, 'कमाल' हवा, हे तुम्ही सांगितलंत. कोरड्या वजनावर, म्हणजे ओलावा वगळून, १.२ ते १.८ टक्के. लेबलावर १.४ आणि ओलावा १० टक्के असेल, तर १.४ भागिले ०.९, म्हणजे साधारण १.५६. चालतं. कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्त असावं, दुपटीवर जाऊ नये. 'सर्व वयांसाठी' एवढंच छापलेलं असेल तर कॅल्शियम अडीच टक्क्यांपर्यंत असू शकतं, म्हणून मोठ्या जातीच्या पिल्लांच्या वाढीचा स्पष्ट उल्लेख शोधायचा. प्रोटीनला उगाच घाबरायचं नाही. त्यानं हाडं बिघडतात ही जुनी समजूत आहे.

हे सगळं कुठेतरी वाचायलाही मिळालं असतं. खरी गोष्ट पुढची. आम्ही घरून आणलेला प्लास्टिकचा पारदर्शक डबा तुम्ही मागून घेतलात, दुकानाच्या काट्यावर ठेवलात, खाद्य ओतत १०० ग्रॅमला थांबलात आणि मार्करनं रेघ मारून शेजारी तारीख घातलीत. गिऱ्हाईकं खोळंबली होती. कोणी कन्नडमधून, कोणी मराठीतून घाई करत होतं, तुम्ही दोन्ही भाषांत थांबायला सांगितलंत. त्या रेघेचे पैसे कुठल्याच बिलात नव्हते.

वाटीनं मोजण्यात घोटाळा होतो. एका कंपनीचे दाणे फुगीर, दुसरीचे घट्ट, त्यामुळे वाटी तीच राहिली तरी वजन बदलतं. १० किलोच्या पिल्लाची मूळ गरज (नुसतं पडून राहिलं तरी लागणारी) दिवसाला ३९५ किलोकॅलरीच्या आसपास. चार महिन्यांपर्यंत त्याच्या अडीच ते तीनपट, पुढे साधारण दुप्पट. किलोला ३६०० किलोकॅलरी असलेलं खाद्य म्हणजे दिवसाला २७५ ते ३२५ ग्रॅम, तीन वेळांत वाटून. म्हणून ती १०० ची रेघ. दर पंधरवड्याला वजन, आणि वजनाप्रमाणे नवी रेघ. फासळ्या हाताला सहज लागल्या पाहिजेत, वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे. शेजारी "वाळलंय बिचारं" म्हणतात, म्हणू देत. ४८ लॅब्राडोरांवरचा, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. कमी खाणारी सुमारे १३ वर्षं जगली, दुसरी सव्वाअकरा, आणि कमी खाणाऱ्यांचे सांधेही उशिरा झिजले.

घरातल्या मोठ्यांनाही तुम्ही न दुखावता गप्प केलंत. भाकरी-दुधावर पिल्लू वाढत नाही, आणि नुसत्या भात-चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. तिथे पुरवणी लागते, पण तीही डॉक्टरांनी मोजून दिलेली. तयार खाद्य चालू असेल तर वरचं काहीही दिवसाच्या कॅलरीच्या दहाव्या हिश्शात बसवायचं: एक उकडलेलं अंडं, चमचाभर दही. जोंधळ्याची अख्खी भाकरी त्या मापात बसत नाही. कांदा, लसूण, मनुका आणि शिजवलेली हाडं पूर्ण बंद. खाद्य बदलताना आठ-दहा दिवस जुन्यात नवं थोडं थोडं वाढवायचं, नाहीतर जुलाब ठरलेले. पिल्लांचं खाद्य वर्ष-दीड वर्षापर्यंत सोडायचं नाही.

अक्का, माल खपवणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांचंही पोट आहे, हे मान्य. पण विकत घेतलेली वस्तू नीट वापरली जावी म्हणून स्वतःचा काटा अडवून ठेवणारं माणूस भेटलं की गावाबद्दलच बरं वाटायला लागतं. सुट्टं विकणाऱ्यांनी निदान पोत्यावरचं लेबल तरी ग्राहकाला वाचू द्यावं. खानापूरकडच्या पावसात उघड्या पोत्याला बुरशी धरायला किती वेळ लागतो, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पुढची पिशवीही तुमच्याकडूनच नेणार. ३ किलोचीच द्या, म्हणजे महिन्याच्या आत संपेल. मूळ पिशवीसकट झाकणाच्या डब्यात ठेवतोय, तुम्ही सांगितलं तसंच.

तुमचे ऋणी,
पिल्लाच्या घरचे सगळे